सीलबंद चीज विमानतळावर का काढून घेतात? सामानातल्या मांस-दुधाच्या पदार्थांबद्दल

तुमचा प्रश्न मला असा समजला: सहलीवरून परतताना विमानतळावरच्याच दुकानातून तुम्ही दीड वर्ष मुरवलेले चीज आणि व्हॅक्युम पॅकमधले सुके सॉसेज घेतलेत. बिल जवळ होते, सील शाबूत होते. तरी उतरल्यावर दोन्ही काढून घेतले. दोन वर्षांपूर्वी याच वाटेने हेच चीज आणले, तेव्हा कोणी विचारलेही नव्हते. तिथे आठवडाभर तुम्ही तेच खात होतात आणि काही झाले नाही. शिवाय तेच चीज तुमच्या राहत्या देशातल्या दुकानातही मिळते. मग धोका नेमका कसला, पुढच्या वेळी काय आणता येईल, आणि या प्रकाराची तुमच्या नावावर नोंद राहिली का?

मी पशुवैद्य आहे. नोकरीची बरीच वर्षे विमानतळावर आणि बंदरात प्राणिजन्य पदार्थांच्या तपासणीत गेली. प्रवाशांच्या बॅगा उघडणाऱ्यांच्या बाजूने मी बोलतोय, हे आधीच सांगतो. तुमची चिडचीड मात्र मला पूर्ण समजते, कारण काढून घेताना कारण सांगायला सहसा कोणाला वेळ नसतो.

तुम्ही कोणत्या देशातून कोणत्या देशात आलात, ते लिहिलेले नाही. बरेचसे उत्तर त्यावर अवलंबून आहे. एकच चीज एका सीमेवर सुटते आणि दुसऱ्या सीमेवर जप्त होते, आणि दोन्ही ठिकाणचा अधिकारी आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर असतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत नियम नीट लावला गेला की नाही, हे मी सांगू शकत नाही. नियम कशावर उभा आहे ते सांगू शकतो, आणि ते कळले की पुढच्या वेळी बॅग भरताना तुम्हाला स्वतःलाच अंदाज येईल.

बहुतेकांची गफलत सुरुवातीलाच होते. आपण समजतो की अधिकारी आपले पोट सांभाळतोय: पदार्थ शिळा आहे का, स्वच्छ आहे का, खाऊन कोणी आजारी पडेल का. म्हणून आपण सील दाखवतो, बिल दाखवतो, ‘आम्ही आठवडाभर खाल्ले’ असे सांगतो. पण त्या टेबलावर तुमच्या पोटाचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो त्या देशातल्या गोठ्यांचा. ज्या रोगांना अधिकारी घाबरतो, त्यांतले सगळ्यांत मोठे दोन, लाळ्या-खुरकत आणि डुकरांना होणारा आफ्रिकन स्वाइन फीव्हर, माणसाच्या आरोग्याच्या दृष्टीने जवळजवळ बिनधोक आहेत. त्या विषाणूने भरलेले मांस तुम्ही खाल्लेत तरी बहुधा तुम्हाला काहीच होणार नाही. ‘आम्हाला काही झाले नाही’ हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी ठरते. ते खरे असते, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

लाळ्या-खुरकत दुभागलेल्या खुरांच्या जनावरांना होतो: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर. ताप येतो, तोंडात, खुरांच्या बेचक्यात आणि सडांवर फोड येतात, जनावर खाणे सोडते, लंगडते, दूध आटते. मोठी जनावरे बहुधा वाचतात, पण वासरांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येऊन ती पटापट मरतात. लक्षणे दिसण्याआधीच जनावर विषाणू बाहेर टाकू लागते आणि हवा अनुकूल असेल तर तो वाऱ्यावरही जातो. ज्या देशात हा रोग नाही आणि लसही टोचली जात नाही, तिथे तो शिरला तर आजारी कळपाबरोबर संपर्कात आलेले कळपही मारावे लागतात आणि मांस-दुधाची निर्यात एका दिवसात बंद पडते. अशा एका साथीत मी मदतीला गेलो होतो. कामाचा त्रास झालाच, पण लक्षात राहिली ती नंतरची शांतता. रोज पहाटे जिथे हंबरणे ऐकू यायचे, त्या गोठ्यात एकही जनावर नव्हते आणि मालक सवयीने पाच वाजता उठून दारात उभा होता. तेव्हापासून बॅगेतल्या पावशेर सॉसेजकडे मी ‘पावशेरच तर आहे’ म्हणून कधी पाहू शकलो नाही.

थोडेसे मांस एवढे करू शकते का? ब्रिटनमध्ये २००१ साली जे झाले ते पाहा. फेब्रुवारीत एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरांमध्ये लाळ्या-खुरकत सापडला. माग काढत तपास पोचला नॉर्थंबरलँडमधल्या हेडन-ऑन-द-वॉल या गावाजवळच्या डुक्करपालन केंद्रावर. तिथे हॉटेलांतले खरकटे नीट न उकळता डुकरांना घातले जात होते. बेकायदा आलेले मांस किंवा मांसाचा पदार्थ त्या खरकट्यात गेला असावा, हाच निष्कर्ष सर्वांत संभाव्य मानला गेला. पुढच्या काही महिन्यांत साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली आणि नुकसान सुमारे ८ अब्ज पौंडांचे झाले. डुकरांना खरकटे घालण्यावर त्या देशाने त्याच वर्षी बंदी आणली.

माझ्या कामात पुन्हा पुन्हा समोर आलेला धागा हाच, खरकटे. १९५७ मध्ये लिस्बन विमानतळाजवळ विमानांतून उतरवलेले उरलेसुरले अन्न डुकरांना घातले गेले आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा दिसला. ती साथ आटोक्यात आली, पण १९६० मध्ये रोग परतला आणि इबेरियन द्वीपकल्पातून, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधून, त्याला हुसकायला १९९०चे दशक उजाडावे लागले. २००७ मध्ये तो जॉर्जियात, काळ्या समुद्रावरच्या पोती बंदराच्या परिसरात उतरला. तिथेही जहाजावरचे खरकटेच कारणीभूत ठरले असे मानतात. तिथून रशिया, २०१४ मध्ये लिथुआनिया आणि पोलंड, २०१८ मध्ये चीन. या रोगात मरण्याचे प्रमाण फार मोठे असते आणि त्यावर इलाज नाही.

म्हणून ‘मीच खाणार आहे, डुकराला थोडीच घालणार’ हा युक्तिवाद ऐकला की मी विचारतो: सगळे खाणार का? सॉसेजचे टोक, चीजची साल, हॅमचे हाड, आवडले नाही म्हणून अर्धवट टाकलेला तुकडा, हे कुठे जाणार? बहुतेक वेळा ते कचऱ्याच्या डब्यात जाते आणि तिथेच संपते. एखाद्या वेळी ते हाड कुत्र्याला जाते आणि कुत्रा ते शेजारच्या शेतात नेऊन पुरतो. एखाद्या वेळी महामार्गालगतच्या थांब्यावर टाकलेले सँडविच रात्री रानडुक्कर उकरून काढते. युरोपात हा रोग काही वेळा शेकडो किलोमीटरची उडी मारून अशा भागात उगवला, जिथे रानडुक्कर चालत पोचणे शक्य नव्हते. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातला झ्लीन परिसर आणि २०१८ मध्ये दक्षिण बेल्जियम ही त्याची उदाहरणे. अशा उडीमागे माणूस आणि त्याच्या हातातले काहीतरी असते, असेच जाणकार मानतात.

विमानात मिळालेल्या जेवणाचेही हेच. ट्रेमधली चीजची वडी किंवा हॅमचे सँडविच ‘नंतर खाऊ’ म्हणून पर्समध्ये टाकून उतरणारे खूप असतात. विमानात बसून खाल्ले तर ते जेवण, दाराबाहेर आणले तर ती प्राणिजन्य पदार्थाची आयात. आंतरराष्ट्रीय विमानांतले खरकटे अनेक देशांत वेगळे गोळा करून जाळतात किंवा ठरलेल्या जागी खोल पुरतात. लिस्बनसारख्या घटनांतून मिळालेला हा धडा आहे. तेव्हा ट्रेवरचे ट्रेवरच राहू द्या.

आता सील, शिजवणे आणि मुरवणे. खरी गुंतागुंत इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सील बाहेरची घाण आत येऊ देत नाही. आत जे आधीपासून आहे त्याला ते काहीच करत नाही. उलट हवाबंद, थंड ठेवलेल्या मांसात विषाणू छान टिकतो. गोठवलेल्या मांसात तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू फारच दीर्घकाळ जिवंत राहू शकतो.

लाळ्या-खुरकतीच्या विषाणूचा एक कच्चा दुवा आहे: त्याला आम्लता सोसत नाही. जनावर मारल्यानंतर स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होते, मांसाचा पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६ च्या खाली उतरतो आणि तिथला विषाणू मरतो. पण हे आम्ल हाडांतल्या मज्जेपर्यंत आणि लसिका ग्रंथींपर्यंत तसे पोचत नाही, तिथे विषाणू टिकून राहतो. ब्रिटनमध्ये १९६७-६८ मध्ये मोठी साथ आली, चार लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, आणि चौकशीत बोट अर्जेंटिनाहून आलेल्या हाडांसकट कोकराच्या मांसाकडे गेले. त्यानंतर तिथून हाडासकट मांस घेणे थांबले आणि हाडे काढून मुरवलेले गोमांस तेवढे चालू राहिले. हाडे काढलेल्या मांसाला वेगळी वागणूक का मिळते, याचे उत्तर या पीएचमध्ये आहे. सुके हॅम हाडासकट येते तेव्हा अधिकारी जास्त कडक होतो तेही यामुळेच.

दुधाची गोष्ट आणखी नाजूक. नेहमीचे पाश्चरायझेशन म्हणजे दूध सुमारे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवणे. माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंसाठी ते चांगले काम करते. लाळ्या-खुरकतीचा विषाणू मात्र दुधातल्या स्निग्धांशाच्या आणि पेशींच्या आडोशाने त्यातून थोडा वाचू शकतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषांत म्हणूनच एकतर १३२ अंशांवर किमान १ सेकंद तापवायला सांगितले आहे, किंवा दुधाचा पीएच पाहून तेच नेहमीचे पाश्चरायझेशन: तो ७ पेक्षा कमी असेल तर एकदा, ७ किंवा त्याहून जास्त असेल तर दोनदा. मांसासाठी निकष आहे गाभ्यापर्यंत ७० अंश तापमान किमान ३० मिनिटे. सुके सॉसेज शिजवलेले नसते, ते मिठात मुरवून वाळवलेले असते. स्वाइन फीव्हरसाठी मीठ लावून वाळवलेल्या मांसाला किमान सहा महिन्यांची अट आहे. तुमचे सॉसेज किती मुरले होते ते पाकिटावर लिहिलेले नसेल, आणि तपासणाऱ्याला ते नुसते पाहून कळत नाही.

तुमच्या चीजबद्दल मात्र मनापासून कबूल करतो: दीड वर्ष मुरवलेले कडक चीज, आंबवताना वाढलेली आम्लता, एवढा काळ. त्यात जिवंत विषाणू असण्याची शक्यता नगण्य होती. प्रयोगांत चेडर या कडक चीजमध्ये विषाणू साठेक दिवस टिकल्याची नोंद आहे, दीड वर्ष नाही. तुम्ही मला एकट्याला विचारले असते तर शास्त्र म्हणून मी म्हणालो असतो, जाऊ द्या. पण टेबलामागे उभ्या असलेल्या माणसासमोर एका तासात शेकडो बॅगा येतात आणि प्रत्येकीसाठी त्याच्याजवळ अर्धे मिनिट असते. कोणते चीज किती मुरलेले, कच्च्या दुधाचे की तापवलेल्या, लेबल खरे की घरी चिकटवलेले, हे तो तिथे ठरवू शकत नाही. म्हणून काही देश ‘दुधाचे काहीच नको’ असा सरसकट नियम करतात. त्यात तुमच्या चीजवर अन्याय होतो, हे खरे आहे. तरी मी या सरसकट नियमाच्या बाजूचा आहे, कारण बारीक नियम तिथे पाळलाच जात नाही. दिवसाच्या शेवटी थकलेला माणूस चुकीचा अपवाद करतो.

‘मग तेच चीज इथल्या दुकानात कसे?’ हा तुमचा सर्वांत चांगला प्रश्न आहे. फरक कागदांचा आहे. दुकानातले चीज कंटेनरमधून येते तेव्हा सहसा त्याच्याबरोबर निर्यातदार देशाच्या सरकारी पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्र असते: दूध कोणत्या भागातले, तो भाग रोगमुक्त आहे का, कारखाना मान्यताप्राप्त आहे का, दुधावर कोणती प्रक्रिया झाली. उद्या तिकडे रोग निघाला तर त्या कागदांवरून माल कुठल्या कुठल्या गोदामात गेला ते शोधून परत बोलावता येते. तुमच्या बॅगेतल्या चीजला असा मागचा-पुढचा इतिहास नाही. तुमच्या बिलावर तुम्ही काय घेतले आणि किती पैसे दिले एवढेच कळते. ज्या गाईचे दूध होते ती कुठे चरत होती, हे त्यावर नसते. ड्युटी-फ्री या शब्दाचाही संबंध फक्त कराशी आहे. निघताना सुरक्षा तपासणीत पिशवी सुटली, याचाही अर्थ काही नाही. तिथे स्फोटके आणि द्रवपदार्थ पाहतात, पशुरोग नाहीत.

दोन वर्षांत काय बदलले, याचा अंदाज करता येतो. १० जानेवारी २०२५ रोजी जर्मनीत, बर्लिनजवळ ब्रांडेनबुर्ग राज्यात म्हशींच्या एका कळपात लाळ्या-खुरकत निघाला. त्या देशात १९८८ नंतर पहिल्यांदाच. मार्चमध्ये हंगेरीत, त्याच महिन्यात स्लोव्हाकियात. १२ एप्रिल २०२५ पासून ग्रेट ब्रिटनने युरोपीय संघाच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना गाय, मेंढी, शेळी, डुक्कर यांचे मांस आणि कोणतेही दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी केली. सीलबंद असो, ड्युटी-फ्री असो, दोन ब्रेडमध्ये घातलेले असो. त्याआधी हीच मंडळी सुट्टीवरून येताना चीज राजरोस आणत होती. तुम्ही त्या वाटेने आला असाल तर तुमचे कोडे तिथेच सुटते. दुसऱ्या वाटेने आला असाल तरी तत्त्व तेच: दूर कुठेतरी एका कळपात फोड दिसतात आणि आठवड्याभरात तुमच्या बॅगेचा नियम बदलतो. मागच्या वेळी चालले, हा पुरावा म्हणून धरता येत नाही.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर चार गोष्टी पाहायच्या: कोणत्या जनावराचे, ते जनावर कोणत्या देशातले, पदार्थ किती तापवलेला, आणि तुम्ही उतरताय कुठे. पहिल्या तीन धोका ठरवतात, निकाल मात्र चौथीवर लागतो.

त्या चौथीचे काही नमुने. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून प्रवाशाला मांस किंवा दूध आणताच येत नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे यांसारख्या काही शेजाऱ्यांना सूट आहे. तान्ह्या मुलांची दुधाची पावडर आणि वैद्यकीय गरजेचे खास अन्न २ किलोपर्यंत चालते, पण ते उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवावे लागू नये आणि पाकीट बंद असावे. अमेरिकेत उलट, मांस नसलेले घट्ट चीज सहसा सुटते, म्हणजे तुमचे चीज तिथे बहुधा तुमच्याबरोबर घरी गेले असते. मांसाचे मात्र मूळ देशावर ठरते आणि डुकराच्या मांसाबाबत ते फार कडक आहेत. ऑस्ट्रेलिया दुधाच्या पदार्थांसाठी मूळ देश लाळ्या-खुरकतमुक्त यादीत आहे का ते पाहते. मे २०२२ मध्ये इंडोनेशियात हा रोग निघाला तेव्हा तिथून येणाऱ्या प्रवाशांना ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांवर जंतुनाशक ओतलेल्या पायपुसण्यांवरून चालायला लावत होते.

चॉकलेट, बिस्किटे, केक, पाव यांत दूध असते, तरी बहुतेक ठिकाणी ते चालतात. ब्रिटनच्या २०२५ च्या बंदीतूनही ते वगळले होते. अडचण होते ती अशा पदार्थांत, ज्यांत मांस आहे हे आपल्या लक्षातच येत नाही: झटपट नूडल्सच्या पाकिटातली मसाल्याची पुडी, सूपच्या वड्या, मांसाचे सारण भरलेल्या पेस्ट्र्या, कुत्र्यासाठी घेतलेली चघळायची कातडी. पाकिटामागचे घटक वाचा. मासे या रोगांच्या कक्षेत येत नाहीत म्हणून त्यांचे नियम बरेच सैल असतात. मध निरुपद्रवी वाटतो, पण मधमाश्यांचे स्वतःचे रोग आहेत. न्यूझीलंड प्रवाशांना मध सहसा आणू देत नाही.

पुढच्या वेळी करायचे एवढेच. खरेदीआधी, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा, ज्या देशात उतरणार त्या देशाच्या शेती किंवा पशुसंवर्धन खात्याचे पान उघडून पाहा. दुकानदाराला विचारू नका. तो विकायला बसला आहे आणि त्याला त्याच्या देशाचे निर्यातीचे नियम माहीत असतात, तुमच्या देशाचे आयातीचे नाही. विमान कंपनीलाही नको. वाटेत विमान बदलताना सामान ताब्यात घेऊन पुढे जायचे असेल तर त्या मधल्या देशाचा नियमही लागतो. पाकीट मूळ लेबलासकट ठेवा. लेबलावर मूळ देश नसेल तर तो पदार्थ न घेतलेला बरा. घरी बनवलेले मांसाचे काही असेल तर ते बहुधा जाणारच असे धरून चाला.

आणि जाहीर करा. शंका असली तरी करा, नव्हे शंका असली की नक्की करा. माझ्या टेबलाशी एकदा एक आई आली होती. मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेली, घरी दोन दिवस खपून सुकवलेले मांस डब्यात घेऊन आलेली. फॉर्मवर तिने स्वच्छ लिहिले होते. डबा काढून घ्यावा लागला आणि ती रडली. मी कारण समजावले, रिकामा डबा धुऊन परत दिला, दंड शून्य, पाच मिनिटांत ती बाहेर. त्याच दिवशी एका विद्यार्थ्याने ‘नाही’वर खूण केली होती आणि जॅकेटमध्ये गुंडाळलेली तीन सॉसेजे निघाली. पदार्थ आईच्या डब्याहून कमी धोक्याचे होते, पण खोटे लिहिल्याचा दंड झाला आणि तो त्याला महिनाभर जड गेला असणार. पदार्थ नियमात न बसणे ही अडचण आहे. तो लपवणे हा गुन्हा आहे. हा फरक जवळजवळ प्रत्येक देशात आहे.

रकमा ऐकल्या की अंदाज येईल. न्यूझीलंडमध्ये जाहीर न केल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर. अमेरिकेत स्वतःपुरत्या मालासाठी पहिल्या वेळी १,००० डॉलरपर्यंत. इंग्लंडमध्ये २०२५ च्या बंदीखाली गंभीर प्रकरणांत ५,००० पौंडांपर्यंत. तैवानने डिसेंबर २०१८ पासून रोगग्रस्त देशांतून आणलेल्या डुकराच्या मांसासाठी पहिल्याच वेळी २ लाख तैवानी डॉलर ठेवले. २०२२ मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाला बॅगेतल्या न सांगितलेल्या नाश्त्याच्या सँडविचसाठी २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून व्हिसाही रद्द होऊ शकतो, आणि त्याच वर्षी कच्चे डुकराचे मांस जाहीर न केल्याबद्दल एका पर्यटक महिलेला विमानतळावरूनच परत पाठवले गेले. अनेक विमानतळांवर तपासणीआधी एक पेटी ठेवलेली असते, तिथे पदार्थ टाकून पुढे जाता येते. पेटीनंतर मात्र सबब चालत नाही. बॅगांच्या पट्ट्याजवळ फिरणारा बीगल कुत्रा तुमच्या बॅगेजवळ शांत बसला, तर त्याला काहीतरी लागले आहे. कधी कधी पदार्थ आधीच खाऊन संपलेला असतो आणि वासच उरलेला असतो. अशा वेळी घाबरू नका, सकाळी त्या बॅगेत काय होते ते सांगा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. सहलीत एखाद्या शेतावर, गोठ्यात, जनावरांच्या बाजारात गेला असाल तर तेही फॉर्मवर लिहा आणि बुटांचे तळ घासून धुऊन आणा. तळव्याच्या खाचेत अडकलेले शेण सॉसेजइतकेच दूर जाऊ शकते. ही ओळ बहुतेक जण रिकामी सोडतात.

आता तुमच्या नावावरच्या नोंदीबद्दल. तुम्हाला त्या वेळी दिलेला कागद शोधा. त्यावर नुसते ‘ताब्यात घेतले, नष्ट केले’ असे असेल आणि रक्कम नसेल, तर ती पदार्थाची पावती आहे. तुम्ही विचारल्यावर स्वतःहून सांगितले असेल तर बहुधा तसेच असेल. दंडाची रक्कम, कलम किंवा ‘इशारा’ असा शब्द असेल तर वेगळे. दंड मुदतीत भरा, भरल्याची पावती जपून ठेवा, आणि पुढे कुठल्या व्हिसाच्या अर्जात सीमेवरच्या दंडाबद्दल स्पष्ट विचारले तर खरे लिहा. काही देशांत अशा माणसाची पुढच्या खेपेला जास्त कसून तपासणी होते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा, पुढचे विमान पकडायचे असेल तर मध्ये मोकळे दोन-तीन तास राहू द्या. कागद काहीच दिला नसेल तर विमानतळावरच्या पशुतपासणी कार्यालयाला तारीख, विमानाचा क्रमांक आणि पदार्थ लिहून विचारा, ते सांगतात. आणि कोणत्या देशातून कुठे आलात ते इथे लिहा. त्या वाटेचा मला नीट माहीत असलेला नियम असेल तर तेवढ्यापुरते नेमके सांगेन.